पंतप्रधानांच्या आवारातली पायवाट

दुसऱ्याच्या रानातून चालायला आपल्याकडे कारण लागतं. विहिरीवरची मोटर बंद पडलीय, म्हैस दावं तोडून गेलीय, पलीकडच्या वाडीत कुणाचं तरी दहावं आहे, असं काहीतरी सांगता आलं पाहिजे. "सहज चाललोय" असं उत्तर दिलं, की विचारणारा आधी तुमच्याकडे बघतो, मग बांधाकडे, मग बांधाच्या टोकाला पुरलेल्या दगडाकडे. संध्याकाळी पारावर बातमी येते, की याचा त्या गटावर डोळा आहे. हे मी ऐकीव सांगत नाही. माझी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या तहसील कचेऱ्यांत गेली आणि त्यातला निम्मा वेळ रस्त्याच्या अर्जांत गेला. पाणंद अडवली, गाडीवाट नांगरली, वाटेत काट्या टाकल्या, वाटेत गोठा बांधला, वाटेत रातोरात म्हसोबा बसवला, हे सगळे प्रकार मी स्थळपाहणीला जाऊन पाहिलेत, पंचनामे लिहिलेत आणि दोन्ही बाजूंचा चहा नाकारून तिसऱ्याच्या ओसरीवर प्यायलोय.

त्यामुळे इंग्लंडात लेकीकडे गेलो असताना जेवताजेवता जावईबापू म्हणाले, "बाबा, शनिवारी शेतांतून चालायला जाऊ," तेव्हा माझ्या तोंडून सवयीने प्रश्न निघाला, "कुणाच्या?"

"ते माहीत नाही."

"काम काय आहे?"

"काम काही नाही. चालायचं. दहा-अकरा किलोमीटर."

हिने आमटी वाढता वाढता डाव हातातच धरला. "म्हणजे दिवसभर लोकांच्या पिकांतून बिनकामाचं हिंडायचं? आणि कुणी हटकलं तर?"

"हटकत नाहीत, आई. हक्क आहे आपला," लेक म्हणाली. इंग्लंडात येऊन तिला सहा महिन्यांचं थंडीचं रडगाणं सोडून दुसऱ्या कशाबद्दल एवढं ठामपणे बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

रात्री जावईबापूंनी नकाशा उलगडला. टेबल संपलं तरी नकाशा संपेना, म्हणून उरलेला भाग माझ्या मांडीवर आला. ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा, प्रमाण एकास पंचवीस हजार. 1791 पासून हे खातं मोजणी करतंय. त्या नकाशात चर्च होतं, कुंपण होतं, झरा होता, दारूचा गुत्ता होता आणि या सगळ्यांमधून, शेताशेतांतून, हिरव्या तुटक रेषा धावत होत्या. आपल्या गावनकाशात एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट आणि दुहेरी तुटक म्हणजे गाडीवाट. इथे आखूड तुटक रेषा म्हणजे पायी जायची वाट आणि लांब तुटक म्हणजे घोड्यावरून जायची. परमुलखात माझ्या खात्याची भाषा वाचायला मिळाली आणि मला एकदम भरून आलं. जावईबापू सांगत होते, की इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा जवळजवळ सव्वादोन लाख किलोमीटर आहेत.

आपल्याकडची मोजणीही शेवटी याच लोकांची. 1835-36 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी आणि आकारणी नव्याने बसवली आणि पुढे मुंबई इलाख्यात तोच कित्ता गिरवला गेला. आम्हाला सर्व्हे नंबर दिले, खातं दिलं, सारा दिला. बिनकामाचं चालायची हौस तेवढी साहेबाने आपल्या मुलखासाठी राखून ठेवली.

शनिवार उजाडला असं म्हणणं धाडसाचं होईल. सकाळी आठला जेवढा उजेड होता, तेवढाच अकराला होता आणि तीनलाही त्यात वाढ झाली नाही. आभाळाचा रंग ओटा पुसून पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा. पाऊस नाही, ऊन नाही, वारा नाही, धुकंसुद्धा धड नाही. मी म्हटलं, "हवा बरी नाही, पुढच्या शनिवारी बघू." जावईबापू खिडकीतून बघत प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "कोरडा दिवस आहे, बाबा. नोव्हेंबरात याच्यापेक्षा चांगला मिळायचा नाही." इंग्लंडात माणसाच्या अपेक्षा अशा बेताच्या असतात, म्हणून तो सुखी असतो.

हिने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं आणि चिवडा बांधून घेतला. मी माकडटोपी घातली. लेकीने ती काढून ठेवायला सांगितली. मी ती कोटाच्या खिशात ठेवली आणि रेल्वेत बसल्यावर पुन्हा घातली. लंडनच्या मेरिलबोन स्टेशनावरून पाऊण-एक तासात वेन्डोव्हर येतं. तिथून चिल्टर्न टेकड्या सुरू होतात. टेकड्या म्हणजे काय, तर त्यांचं सर्वात उंच ठिकाण 267 मीटर. साताऱ्याचं एसटी स्टँड याच्या दुपटीहून उंचावर आहे आणि तिथे चढून गेल्याचं कौतुक आजवर मला कुणी केलेलं नाही.

वेन्डोव्हरच्या मुख्य रस्त्यावरूनच रिजवे नावाची वाट जाते. ही 139 किलोमीटरची राष्ट्रीय वाट 1973 साली रीतसर खुली झाली. पण तिच्यावरून माणसं आणि गुरं हजारो वर्षं जात होती, असं सांगतात. म्हणजे पूर्वापार वहिवाट. खांबाखांबावर ओकच्या फळाची खूण कोरलेली. ती दिसली की आपण बरोबर आहोत असं समजायचं आणि दिसली नाही की जावईबापूंकडे बघायचं.

पहिली चढण कूम हिलची. जमिनीच्या पोटात सगळा खडू आणि वर चिकण माती. चार पावलांत बुटाला किलोभर माती लागते, ती काठीने काढली की पुढच्या चार पावलांत तेवढीच परत येते. वाटेत भेटलेला प्रत्येक माणूस "गुड मॉर्निंग" म्हणत होता आणि त्याच्या पुढ्यातला कुत्रा आमच्या चिवड्याचा वास घेत होता. ही प्रत्येकाला "नमस्कार" म्हणत होती. कुणाचंही काही अडलं नाही.

टेकडीच्या माथ्यावर एक उंच दगडी स्तंभ आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मारल्या गेलेल्या बकिंगहॅमशरच्या 148 माणसांचं ते स्मारक 1904 साली उभारलं. 1938 साली वीज पडून ते कोसळलं आणि पुन्हा बांधावं लागलं. इथून सगळं एल्सबरीचं खोरं दिसतं, अशी या जागेची ख्याती. आम्ही खोऱ्याच्या दिशेने उभे राहिलो. समोर काही नव्हतं. म्हणजे गाव नव्हतं, शेत नव्हतं, क्षितिज नव्हतं. सगळीकडे एकच करडा रंग, आणि त्यात मध्येच एक मेंढी, तीही जवळची. आमच्या शेजारी एक इंग्रज जोडपं त्याच दिशेला तोंड करून थर्मासातला चहा पीत बसलं होतं. पाच मिनिटांनी नवरा बायकोला म्हणाला, "सुंदर." बायकोने मान हलवली. ही माझ्या कानाशी लागली, "अहो, यांना काहीतरी दिसतंय. तुमचा चष्मा पुसा."

माथा सोडून आम्ही रानात शिरलो आणि तिथे मात्र मी बोलायचा थांबलो. बीचची झाडं. खोड राखाडी, गुळगुळीत आणि सरळ, वीस-पंचवीस फुटांपर्यंत फांदी नाही. बीचची सावली एवढी दाट की खाली झुडूप टिकत नाही, त्यामुळे रान आतून मोकळं, नजर लांबवर जाते. जमिनीवर घोट्यापर्यंत पानं, तांब्याच्या रंगाची, ओली. आभाळातून उजेड येत नव्हता, तो खालून, पानांतून येत होता. प्रत्येकाच्या हनुवटीखाली थोडा तांबूस उजाळा. ऊन असतं तर हे दिसलं नसतं. मी खाली वाकून एक बोंड उचललं. बाहेरून केसाळ काटे, चार पाकळ्यांनी उघडलेलं, आतून मखमली, आणि त्यात तीन धारांचं तपकिरी बी. हिने ते दातांनी फोडून पाहिलं. "बरं आहे, पण भाजून हवं होतं," असा निकाल दिला.

या रानाचा इतिहास मला फार भावला. पूर्वी इथे खुर्चीचे पाय करणारे कारागीर रानातच मुक्काम टाकत. हत्यार काय, तर पायाने दाबायची एक फळी, वर वाकवलेलं एक कोवळं झाड आणि दोहोंमध्ये दोरी. फळी दाबली की लाकूड एका दिशेला फिरायचं, पाय उचलला की झाडाच्या ताणाने उलटं. अशा चरकावर कातलेले पाय आणि दांड्या हाय विकम गावच्या कारखान्यांत जायच्या आणि तिथे खुर्च्या जोडल्या जायच्या. त्या गावच्या फुटबॉल संघाला अजून 'चेअरबॉईज' म्हणतात. आता गंमत बघा. याच टेकड्यांच्या एका अंगाला खुर्चीचे पाय करणारे, आणि दुसऱ्या अंगाला, आम्ही जिथे चाललो होतो तिथे, चेकर्स हा ब्रिटिश पंतप्रधानांचा बंगला. म्हणजे खुर्ची घडवणारे आणि खुर्ची टिकवायची कशी याचा घोर लागलेले, दोघांनाही एकाच रानाची हवा.

एका पडलेल्या ओंडक्यावर दशम्या सोडल्या आणि डोक्यावर शीळ ऐकू आली. वर घारी. तांबूस अंग, दुभागलेली शेपूट. इंग्लंडातून ही लाल घार एकोणिसाव्या शतकात संपली होती. मग 1989 ते 1994 या काळात स्पेनमधून पिल्लं आणून चिल्टर्नमध्ये सोडली आणि आता ती डोक्यावर घिरट्या घालून लोकांच्या डब्याची पाहणी करतात. जावईबापूंना त्यांच्या व्हिसाच्या तारखा आठवल्या आणि ते वर बघत म्हणाले, "यांना नूतनीकरण नाही." हिने दशमीचा तुकडा टाकायला हात उचलला, तो लेकीने वरच्या वर धरला. इथे घारींना खायला घालू नये असं सांगतात. हिच्या मते पाहुण्याला खायला न घालणारा देश हा पहिलाच.

रान संपलं आणि कुंपणं सुरू झाली. कुंपणाला फाटकं तीन तऱ्हेची. एक साधं. दुसरं म्हणजे लाकडी पायरी, जिच्यावरून टांग टाकून पलीकडे उतरायचं. हे प्रकरण साडीला मानवत नाही, म्हणून लेकीने हिला जीन्स घालायला लावली होती, पण हिने जीन्सवर साडी नेसून तोडगा काढला होता. तिसरं फाटक अर्धगोल कुंपणात अडकवलेलं. एक माणूस आत शिरतो, फाटक आपल्याभोवती फिरवतो आणि बाहेर पडतो. गुरांना हे जमत नाही. "याला काय म्हणतात?" मी वही काढून विचारलं. जावईबापूंनी बुटाची नाडी बांधायला घेतली. शेवटी लेकीने सांगितलं, की याला किसिंग गेट म्हणतात आणि पुढे गेलेल्याने मागच्याकडून पापी घेतल्याशिवाय फाटक सोडायचं नाही अशी रीत आहे. त्या क्षणी फाटकाच्या एका बाजूला मी होतो आणि दुसऱ्या बाजूला जावईबापू. आम्ही दोघांनी हवामानावर बोलायला सुरुवात केली. वहीत मी "फिरते फाटक, एकेरी" अशी नोंद केली.

त्यापुढच्या कुरणात गुरं होती. मी जावईबापूंना विचारलं, "वळू असला तर?" त्यांनी कायदा सांगितला. 1981 च्या कायद्याप्रमाणे पायवाट असलेल्या कुरणात दहा महिन्यांहून मोठा दुभत्या जातीचा वळू मोकळा ठेवता येत नाही. या जाती कायद्यात नावानिशी दिल्यात, जर्सी, होल्स्टीन, आयर्शर वगैरे. मांसाच्या जातीचा वळू मात्र ठेवता येतो, पण सोबत गायी किंवा कालवडी असल्या पाहिजेत. एकटा नको.

"म्हणजे वळू अंगावर आला तर त्याला आधी जात विचारायची, मग वय," मी म्हणालो. जातीचा दाखला आणि वयाचा दाखला हे दोन्ही तहसीलच्या खिडकीवरचे विषय, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. हिला मात्र कायद्याचा उत्तरार्ध पटला. "बायको बरोबर असली की नीट वागतो, हे तुमच्याकडे बघून लिहिलेलं दिसतंय," ती म्हणाली. कुरणात निघाली ती सगळी वासरं. ती आमच्या मागोमाग फाटकापर्यंत आली आणि आम्ही पलीकडे गेल्यावर निरोप द्यायला ओळीने उभी राहिली.

जावईबापूंनी जवळची वाट म्हणून रिजवे सोडून एक आडवाट धरली, आणि मग ते वावर आलं.

मी वावराच्या तोंडाशी थांबलो तो थांबलोच. चांगलं पाच-सहा एकरांचं रान. गहू पेरलेला, बोटभर उगवून आलेला, ओळी सुतात. आणि त्या गव्हाच्या बरोबर मधून, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिरकी, तपकिरी पायवाट. बांधाने नाही. कडेने नाही. उभ्या पिकाच्या छातीवरून. मी सवयीने आडवी पावलं टाकून रुंदी घेतली, ती तीन फुटांच्या वर भरली. जावईबापू म्हणाले, "एक मीटर ठेवावीच लागते. मधून जाणारी वाट पेरणीसाठी नांगरायची मुभा आहे, पण नांगरल्यापासून चौदा दिवसांत त्याने ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची आणि ओळखू येईल अशी ठेवायची."

"कोणी? तहसीलदाराने?"

"नाही. शेतकऱ्याने. स्वतःच."

मला खाली बसावंसं वाटलं. आपल्याकडे जमीन महसूल संहितेचं 143 वं कलम आहे. शेतात जायला रस्ता नसेल तर शेजाऱ्यांच्या बांधावरून रस्ता मागता येतो, आणि अर्जदाराची गरज किती खरी आहे हे तहसीलदाराने तपासायचं. म्हणजे मागायचा तो बांध आणि दाखवायची ती गरज. गावनकाशातली पायवाट कागदावर सव्वाआठ फुटांची असते, पण स्थळपाहणीला गेलं की तिथे दोन्ही बाजूंचे ऊस गळ्यात गळा घालून उभे असतात. आणि इथे हा गृहस्थ आपल्याच गव्हात आपल्याच ट्रॅक्टरने आडवी रेघ मारून ठेवतो. कशासाठी? तर वेन्डोव्हरहून आलेल्या बिनकामाच्या माणसांना तिरकं जाता यावं म्हणून.

या विचारात मी असताना हिने आपला मार्ग निवडला होता. ती वावराच्या कडेने, बांधाला धरून निघाली होती. जावईबापू मागून ओरडले, "आई, तिकडून नाही! तिकडून जायचा हक्क नाही. वाट मधून आहे."

"मेला तुमचा हक्क," ही चालता चालता म्हणाली. "मी शेतकऱ्याची लेक आहे. उगवत्या गव्हावर पाय द्यायची नाही."

म्हणजे परिस्थिती अशी झाली, की पीक तुडवणारे आम्ही तिघं कायदेशीर आणि पीक वाचवणारी ही अतिक्रमणात. तेवढ्यात चारचाकी मोटारसायकलवरून मालक आला. उंच, लालबुंद, पायांत गमबूट. त्याने हिच्याजवळ गाडी थांबवली आणि अदबीने हाताने मधली वाट दाखवली. हिने तेवढ्याच अदबीने गव्हाकडे बोट दाखवलं, पावलाकडे दाखवलं आणि दोन्ही हातांनी "नको" केलं. वर मराठीत समजावलं, की पेराला ओल बरी आहे, पण या कोपऱ्यात पाणी साचतंय, चर मारा. लेकीने धावत येऊन भाषांतर केलं. मालकाचा चेहरा उजळला. तो म्हणाला, की कोपऱ्याचं खरं आहे, त्या चराचं मी दोन वर्षं म्हणतोय. आणि वाटेचं म्हणाल तर सगळे जण या बाईंप्रमाणे कडेने गेले तर मला सोन्याहून पिवळं होईल, पण हे मी बोललो असं कृपा करून कुणाला सांगू नका.

शेतकऱ्याचं शेतकऱ्याला कळतं. मी त्याला विचारलं नाही, पण ती वाट चौदा दिवसांत मोकळी करताना तो तोंडातल्या तोंडात काय म्हणत असेल, ते मला साताऱ्यात बसूनही सांगता आलं असतं.

पुढे जावईबापूंनी या हक्काची जन्मकथा सांगितली. 24 एप्रिल 1932 रोजी डर्बीशरमध्ये किंडर स्काउट नावाच्या पठारावर मँचेस्टर भागातली शेकडो कामगार पोरं मुद्दाम घुसली. ते पठार जमीनदारांनी शिकारीसाठी राखलेलं होतं. राखणदारांशी झटापट झाली, आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. मागणी एकच, आम्हाला इथे चालू द्या. 1949 साली कायदा झाला, वाटांची नोंद करून अधिकृत नकाशे करायचं ठरलं. मोकळ्या डोंगरपठारांवर वाट सोडूनही हिंडायची मुभा मिळायला 2000 सालचा कायदा यावा लागला.

मला आमच्या जुन्या सातारा जिल्ह्यातलं बिळाशी आठवलं. 1930 साली तिथे जंगल सत्याग्रह झाला. आमच्या लोकांना रानातलं गवत हवं होतं, लाकूड हवं होतं, सरपण हवं होतं. दोन वर्षांनी साहेबाच्या घरची पोरं तुरुंगात गेली ती रविवारी फिरायला जागा हवी म्हणून. तुरुंग मात्र एकाच सरकारचे.

एवढ्यात आम्ही परत रिजवेला लागलो आणि चेकर्स आलं. मला वाटलं होतं, दोन मैल आधीपासून बंदूकधारी उभे असतील. तसं काही नाही. मेंढ्यांचं कुरण, त्यात जुनी झाडं, लांबवर विटांचा बंगला, आणि रिजवे सरळ पंतप्रधानांच्या गाडीरस्त्याला आडवी छेदून पलीकडे जाते. इकडे फाटक, तिकडे फाटक, मध्ये डांबर. फाटकाशी पाटी: वाट सोडून आत शिरलात तर तो फौजदारी गुन्हा. जवळच कॅमेऱ्याचे खांब. हे घर आर्थर ली नावाच्या गृहस्थाने राष्ट्राला दिलं. त्यासाठी 1917 साली कायदा केला आणि 1921 पासून पंतप्रधान इथे येऊ लागले. पुढचे पंतप्रधान गावाकडे जमीनजुमला असलेल्या घरातलेच असतील असं नाही, तेव्हा त्यांना आठवड्यातून दोन दिवस या टेकड्यांची हवा मिळावी, म्हणजे कारभार डोकं ठिकाणावर ठेवून होईल, असा दात्याचा हेतू. हवा मिळतेच आहे. डोक्याचं ज्याचं त्याने ठरवावं.

मी डांबराच्या मधोमध थांबून दोन्हीकडे पाहिलं. देशाच्या पंतप्रधानाच्या दारातून सार्वजनिक पायवाट जाते आणि ती हलवायची कुणाची छाती नाही. आपल्याकडे माजी सरपंचाच्या गोठ्यामागून जाणारी वाट मोकळी करायला आम्ही पोलीस बंदोबस्त मागवत होतो. भारावून मी माकडटोपी काढली. कॅमेरा माझ्याकडे वळल्याचा भास झाला, म्हणून परत घातली. "बाबा, चला," लेक दातओठ खात म्हणाली, "इथे रेंगाळू नका." हक्क चालण्याचा असतो. थांबण्याचा असतो की नाही, यावर जावईबापूंनी मत दिलं नाही.

उतारावर कॅड्सडेन नावाची वस्ती आणि तिथे 'द प्लाउ' म्हणजे नांगर या नावाचं पब. पायांत खडू-मातीचे गोळे घेऊन आम्ही आत शिरलो. आमच्या आधी इथे मोठी माणसं येऊन गेलीत. ऑक्टोबर 2015 मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांना चेकर्सहून इथे आणून बिअर पाजली होती. पुढच्या वर्षी एका चिनी कंपनीने हे पबच विकत घेतलं. पाहुणचार अंगाशी येतो तो असा. त्याआधी 2012 मध्ये बातमी आली होती, की कॅमेरन कुटुंब रविवारचं जेवण उरकून दोन गाड्यांतून चेकर्सला परतलं आणि आठ वर्षांची मुलगी इथेच राहिली. आई म्हणाली बाबांच्या गाडीत असेल, बाबा म्हणाले आईच्या. हिने डोक्याला हात लावला. "एवढा बंदोबस्त, एवढे कॅमेरे, आणि पोरं मोजायला कुणी नाही?"

शेजारच्या टेबलावर एक आजोबा आणि त्यांचं म्हातारं कुत्रं बसलं होतं. मी काय काम करत होतो असं त्यांनी विचारलं. वाटांच्या भांडणाचं, असं सांगितल्यावर आजोबांनी खुर्ची उचलली आणि आमच्या टेबलाला आणून लावली. त्यांचीही एक केस होती! गावामागच्या फळबागेतून पूर्वापार वाट. बाग विकली गेली, नव्या मालकाने फाटक बसवून कुलूप ठोकलं. ती वाट अधिकृत नकाशात नव्हती. म्हणून गावकऱ्यांनी काउन्सिलकडे अर्ज केला. वीस वर्षं लोक तिथून बिनअटकाव चालत होते असं दाखवलं, तर 1980 च्या कायद्याने ती सार्वजनिक धरली जाते.

"साक्षी-पुरावा?" मी वही उघडली.

"शेजाऱ्यापाजाऱ्यांनी अर्ज भरून दिलेत. पण चालणं तीन तऱ्हेने नसावं. दांडगाईने नाही, लपून नाही, आणि परवानगी मागून तर मुळीच नाही."

शेवटची अट ऐकून मी उडालोच. आमच्याकडे साक्षीदार छातीवर हात ठेवून सांगतो, "साहेब, आम्ही मालकाला विचारूनच जात होतो." इथे तेवढं एक वाक्य बोललं की केस गेली. न विचारता, उजळ माथ्याने, वीस वर्षं कुत्रं घेऊन हिंडणारा माणूसच इथे भक्कम साक्षीदार. मग मला दिवसभराचा उलगडा झाला. सकाळपासून भेटलेली ती गुड मॉर्निंगवाली माणसं रिकामटेकडी नव्हती. अशा करड्या दिवशी घरात शेगडीपाशी बसायचं सोडून ती चिखल तुडवत होती, कारण वाट चाललं तरच वाट राहते. ती सगळी कामावर होती. पगार नाही, एवढंच.

"निकाल कधी?" मी विचारलं.

"अर्ज फार, अधिकारी थोडे," आजोबा म्हणाले. "काही वर्षं झाली." मी टेबलावरून हात पुढे करून त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. इंग्लंडात आल्यापासून मला इतकं आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं नव्हतं.

"तुमच्याकडे असल्या केसचं शेवटी काय होतं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना क्रमाने सांगितलं. तहसीलदार रस्ता देतो. प्रांत स्थगिती देतो. मग दिवाणी कोर्टात दावा पडतो आणि तारखा पडत राहतात. अर्जदार म्हातारा होतो, जाबदारही म्हातारा होतो. दोघांची पोरं पुण्याला नोकरीला असतात. मग एक दिवस ती पोरं मिळून दोन्ही रानं एकाच बिल्डरला विकतात, आणि ज्या तीन फुटांसाठी दोन पिढ्यांची डोकी फुटली, तिथून नऊ मीटरचा डांबरी रस्ता निघतो.

आजोबांनी ग्लास खाली ठेवला आणि विचारात पडून म्हणाले, "आमच्या बागेच्या मालकानेही परवा घरं बांधायची परवानगी मागितलीय."

"मग काळजी सोडा," मी वही मिटून म्हणालो. "रस्ता निघाला म्हणून समजा."